हॉपची उलटी वेल

ख्रुदिम गावातल्या एका सभागृहात मी पाऊस चुकवायला शिरले. आत नावचित्रांची अदलाबदल चालली होती. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर आतून चिकटवायची ही तळहाताएवढी चित्रं, त्यात मालकाचं नाव आणि त्याला शोभणारी खूण. वैद्याला साप, मच्छीमाराला मासा. एका चित्रात हॉपची, बिअरला कडवट चव देणाऱ्या बोंडांची वेल दिसली नि मी वाकले.

"ही उलटी चढलीय," तोंडून निघून गेलं.

"उलटी?" टेबलामागचा तरुण ताडकन उठला. बोटांना शाई. "बाई, हे माझं स्वतःचं आहे. प्रोकोप म्हणतात मला. बिअर आवडते म्हणून वेल. तिला काय, डावं-उजवं सारखंच!"

"आमच्या झातेत्सच्या मळ्यांत येऊन म्हणा. आमची वेल सूर्याच्या दिशेनं फिरते. उलटं फिरतं ते तण."

"म्हणजे मी तण?"

"मी वेलीबद्दल बोलतेय..." पण हसू आवरलं नाही. त्यालाही.

मे महिन्यात तो खरंच आला. बाबांच्या मळ्यात कोंब तारेला गुंडाळायचे दिवस होते. त्यानं हट्टानं एक कोंब आपल्या पद्धतीनं गुंडाळला. सकाळी तो सुटून चिखलात लोळत होता.

प्रोकोपनं वाकून तो उचलला. "ठशावर वेल मी बघून बरोबर कोरली होती," तो हळूच म्हणाला. "पण ठसा छापताना उलटतो ना... अक्षरं आठवणीनं उलटी कोरली. वेल तशीच राहिली."

मी त्याची बोटं धरून कोंब पुन्हा गुंडाळला — सावकाश.

"द्राहोमीरा," पलीकडच्या ओळीतून बाबा ओरडले, "एका वेलीला किती वेळ गं?"

तो गेला. नंतर ना पत्र, ना निरोप. त्याचा अभिमान दुखावला असेल? आपण होऊन लिहायचं माझ्याही स्वभावात नव्हतं. बोललेलं खरं होतं. ते मी मागे घेणार नव्हते. तरी टपालवाल्याची सायकल वाजली की मान वळायचीच.

ऑगस्टअखेर, तोडणीच्या ऐन गर्दीत, तो फाटकाशी उभा. हातात एकच कागद.

एका तारेवर दोन वेली. एकीला मादी वेलीची बोंडं, दुसरीला नर वेलीचे तुरे. खाली दोन नावं... जोडप्यांच्या नावचित्रात असतात तशी. माझं वर.

मी वेलीवरून बोट फिरवलं. दोन्ही सूर्याच्या दिशेनं.

"नर वेल आम्ही मळ्यात ठेवत नाही, बोंडांत बी धरतं," मी म्हटलं. "दिसली की मुळासकट उपटतो."

"उपट की. मी उभाच आहे."

बाबांनी कागद घेतला, चष्मा सारखा केला. "वेल बरोबर आहे," ते म्हणाले. आमच्या गावात याहून मोठी शाबासकी नाही. प्रोकोपची मान ताठ झाली, आणि त्याच्याहून माझी.

"चुकीचा ठसा फेकलास?" मी विचारलं.

"नाही. भिंतीवर लावलाय. पाहुण्यांना सांगतो, ही चूक माझ्या बायकोनं पकडली."

"अजून 'हो' म्हटलेलं नाही मी..."

"म्हण मग."

मी बाबांच्या हातून कागद घेतला, घरातलं सर्वांत जुनं पुस्तक उघडलं, नि तो चिकटवायला खळ आणायला स्वयंपाकघरात पळाले.