हार्बर स्टार

दिवसभर रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यांची देवघेव झाली की संग्राहकांच्या मेळाव्यातली तरणी पोरं म्हाताऱ्या विल्फ एन्टविसलभोवती जमायची. सभागृहातले दिवे मालवायला लावूनच तो सुरुवात करी. "माझ्या ओळखीच्या माणसाची हकीकत आहे. खोटी वाटली तर वाटू दे."

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९. पावणेपाचलाच काळोख पडला होता. क्लिफर्ड ग्रिमशॉ हॅग लेनवर एक दिवा आणायला गेला. तिथे नवे पांढरे दिवे बसत होते, आणि शिडीवरच्या कामगाराने शेवटचा जुना दिवा त्याच्यासाठी राखला होता. दिवा हातात देताना तो म्हणाला, "काका, घरात झोपता कधी? सगळा रस्ताच आणून ठेवलाय म्हणे." क्लिफर्ड हसला आणि दिवा मफलरमध्ये गुंडाळून घरी आला.

त्याची बायको डोरीन गावातल्या छोट्या कारखान्यात दिव्यांतली हवा काढून काचा बंद करायची. कारखाना बुडाला, कागदपत्रं गेली, मग डोरीनही गेली. तिच्या हातचा एकही दिवा घरात नव्हता. कारखान्याचा माल दुसऱ्यांच्याच छापाने विकला जाई. तिथे सोडियमचे दिवे बनलेच नाहीत, असं सगळे संग्राहक म्हणत. नऊ वर्षं क्लिफर्ड दिवे उलटे करून बुडाच्या पितळी टोपीवरच्या खुणा वहीत उतरवत होता. तिचा एक तरी दिवा सापडावा, एवढंच त्याला हवं होतं.

या दिव्यावर 'हार्बर स्टार' अशी छाप होती. कोणी कधी न ऐकलेली. टोपीवरची खूण झिजलेली. त्याने भिंगाखाली काच तपासली आणि वहीत लिहिलं : काच निर्मळ, आतून-बाहेरून डाग नाही.

मग दिवा लावला. आधी फिकट गुलाबी, हळूहळू नारिंगी. दहा मिनिटांनी विझला. म्हातारे सोडियम दिवे तापले की विझतात, निवले की पुन्हा पेटतात. अशा वेळी बटण बंद करायचं, नाहीतर दिवा कायमचा जातो. क्लिफर्डचा हात बटणाकडे गेला...

आणि अंधारात कोणीतरी फुंकर घातली.

डोरीनच्या उजव्या तर्जनीवर भाजल्याचा तिरका वण होता. काचेला हात लावण्याआधी ती त्या बोटावर फुंकर घालायची. सवयच.

दिवा पेटला. खोलीत कोणी नव्हतं.

त्याने बटण बंद केलं नाही.

पुन्हा अंधार. पुन्हा फुंकर... जवळून.

"डोरीन, हा तुझाच का गं?"

उजेड. अंधार. दर वेळी दिवा थोडा मरत होता, हे त्याला कळत होतं. तरी तो अंधाराची वाट बघत बसला...

पाचव्यांदा दिवा पेटला नाही. फुंकरही आली नाही. तो सकाळपर्यंत तसाच बसून होता.

इथे विल्फ थांबायचा. मग कोणालातरी दिवे लावायला सांगायचा आणि खोक्यातून तो दिवा काढायचा. क्लिफर्डने मरताना त्यालाच दिला होता.

काचेवर एका बोटाचा ठसा. मधून तिरकी रेघ.

दर वर्षी कोणीतरी पोरगा तो बाहीने पुसून बघे. जात नसे. ठसा काचेच्या आतल्या अंगाला होता, जिथे हवासुद्धा नसते.