लोहाऱ्याच्या वाटेवर काढलेलं चित्र

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. बलभीममामा थापा मारणारे नव्हते, आणि त्यांचा उजवा हात मी या डोळ्यांनी पाहिलाय.

१९४८ सालचा उन्हाळा. निजामाचं राज्य अजून होतं. रात्र नव्हती, चांगली भरदुपार होती.

मामा साताऱ्याकडचे. देवळं रंगवत फिरायचे. वाटेत दिसेल त्या अनोळखी माणसाचं चित्र काढायची भारी खोड.

असेच मराठवाड्यात फिरताना लोहाऱ्याच्या अलीकडे एक गाव लागलं.

गावात चिटपाखरू नव्हतं. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही...

एका दारात म्हातारी बसली होती. ताठ. कपाळभर विभूती, नवं लुगडं, गळ्यात फुलं. शेजारी तिचा मुलगा मान खाली घालून बसलेला. मामांनी रस्त्याच्या अलीकडे लिंबाखाली बैठक मारली आणि पेन्सिल काढली.

तेवढ्यात आवाज आला... अगदी कानाशी.

"लेकालाबी काढा. त्याचं मनगट माझ्या हातात दावा."

मामांनी वर पाहिलं. रस्त्यापलीकडून म्हातारी टक लावून बघत होती.

हौशी दिसते, असं म्हणत मामांनी तसं काढलं.

मग कुदळी-फावडी घेतलेली माणसं आली.

"कोण रं तू? कुणाचा खबऱ्या?"

दिवसच तसे होते. परक्याला कुणी पाणीही विचारत नव्हतं. एकानं कागद हिसकावला.

आणि कागद या हातातून त्या हातात फिरला...

"शिवम्मा सकाळीच गेली," कल्याणप्पा नावाचा म्हातारा म्हणाला. "हिचं डोळं म्या मिटलेत. तू उघडं कसं काढलंस?"

लिंगायतांत प्रेत बसवून ठेवतात आणि बसवूनच पुरतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी समोर पाहिलं. म्हातारीचे डोळे मिटलेले. हात मांडीवर.

"तो हात पूस! आत्ताच्या आत्ता!"

मामांनी कागद फाटेस्तोवर पुसला.

मुलगा, सोमलिंग, मात्र स्वतःचं मनगट चोळत होता...

"तू खड्ड्यात उतरू नगं," कल्याणप्पानं त्याला बजावलं.

"माझी अव्वा हाय ती. तिला म्याच बसवणार."

मामांना दोघांनी धरून नेलं आणि खड्ड्याच्या काठावर उभं केलं. सोमलिंग उतरला. आईला खड्ड्याच्या भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात बसवायला तो आत वाकला. वर भजन चालू होतं.

खालून आवाज आला...

"अव्वा, हात सोड."

भजन थांबलं.

"अव्वा... सोड की गं."

त्याला वर ओढलं, तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. मनगट काळंनिळं पडलं होतं.

गावानं तिथंच मामांच्या उजव्या हाताची बोटं कुदळीच्या दांड्यानं ठेचली. मला अजून त्या गावाचा संताप येतो. पण त्यांच्या जागी मी असतो तर? सांगता येत नाही.

माझी आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, आता फार थकलीय. जवळ बसलो की माझा हात हातात घेते. मी काहीतरी निमित्त काढून सोडवून घेतो.

परवा तिनं विचारलं, "माझी भीती वाटते का रे तुला?"

मी नाही म्हणालो.