शेवटच्या गाईनंतरची हाक

त्या शनिवारी मी डोंगरावर गेले ती एक नरसाळं आणायला. यात घाबरण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं होतं.

मी मूळची अमेरिकेतल्या सपाट नेब्रास्काची. आमच्याकडे उंच म्हणजे धान्याची कोठी. वर्षभरासाठी स्वित्झर्लंडला शिकायला आले आणि इथले शनिवार-रविवार मला खायला उठले. शुक्रवारी संध्याकाळी वसतिगृहातली सगळी पोरं मळके कपडे पिशवीत कोंबून आपापल्या आईकडे पळायची. स्वयंपाकघरात उरायचे मी आणि फ्रिजची घरघर. बोलायला माणूस नाही म्हणून मी डोंगर चढायला लागले. माझ्या जर्मनला डोंगर तरी हसत नसत.

तिथेच उन्हाळ्यात बाल्झ आणि व्रेनी भेटले. हे म्हातारं जोडपं गाई घेऊन वरच्या कुरणावर राहायचं. रोज तिन्हीसांजेला बाल्झ उंचवट्यावर उभा राहून, दूध ओतायचं लाकडी नरसाळं तोंडाला लावायचा आणि मेरीमातेच्या, संतांच्या नावाने लांब सुरात हाक द्यायचा. तो आवाज पोचेल तिथवर रात्रभर कशाचं भय नाही, अशी इथली जुनी समजूत.

"ज्याच्या कानावर हाक पडली, तो त्या रात्री आपल्या घरचा," बाल्झ सांगायचा. "मग तो आवडो न आवडो. एकदा माझी सासू आली होती, तिलाही राहू द्यावं लागलं."

"लाज नाही मेल्याला," व्रेनी म्हणायची आणि माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढायची.

ऐकून ऐकून ती हाक मला पाठ झाली. कुणाच्या तरी घरचं व्हायचं मला वेड लागलं होतं.

सप्टेंबर सरता सरता गाई फुलं माळून खाली उतरल्या. शेवटची गाय उतरली की हाक बंद. का, म्हणून मी बाल्झला विचारलं होतं. "वर आपलं कुणी उरलं नाही. मग बोलवायचं कुणाला?" तो म्हणाला, आणि त्या वेळी मात्र हसला नाही.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी मी त्यांच्या दरीतल्या घरी गेले, तेव्हा बाल्झ बाजाराला गेला होता. व्रेनी भिंतीवरच्या फोटोची काच पुसत होती. फोटो तिच्या धाकट्या भावाचा, मेल्कचा. अशाच एका ऑक्टोबरात तो चुकलेली गाय शोधायला वर गेला, तो परतलाच नाही.

"लोरेटली," ती म्हणाली; लोरेटाचं तिने लाडाने लोरेटली केलं होतं, "नरसाळं वरच राहिलं गं. ओल लागून तडकेल. तुझे पाय तरुण आहेत, जाऊन येतेस?"

तिने पाव आणि चीज बांधून दिलं. मी दारात पोचल्यावर मागून म्हणाली, "धुकं आलं तर घाबरू नकोस. हाक दे."

"पण काकू, गाई उतरल्यावर हाक देत नाहीत ना?"

"दे गं. मी खालून ऐकेन."

वरच्या झोपडीला कुलूप नव्हतं. आत विझलेल्या चुलीचा आणि आंबलेल्या दुधाचा वास. नरसाळं खुंटीवर होतं. ते घेऊन बाहेर आले, तर कुरण दिसेना. धुकं पार पायरीपर्यंत आलं होतं. चार पावलं टाकली आणि वाट हरवली. कुरणाच्या कडेला सरळ खाली कोसळणारा कडा आहे, हे मला माहीत होतं. तो कुठल्या बाजूला, हे कळत नव्हतं. उजेड मावळायला लागला, बर्फ भुरभुरू लागलं. आपण इथे मेलो तर सोमवारपर्यंत कुणाच्या लक्षातही येणार नाही, या विचाराने मला रडू फुटलं.

मी नरसाळं तोंडाला लावलं आणि हाक दिली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

सगळं चिडीचूप झालं. मग वरून, जिथे नुसता खडक आहे तिथून, गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. जड, ओली.

"बाल्झकाका...?"

घंटा जवळ आली. भिजलेल्या लोकरीचा वास आला. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि थांबली... मी यावं म्हणून. मी गेले. करणार काय? ती वाजेल तिकडे पाय टाकत खाली उतरले. राहिलेली गाय असेल, अशी मनाची समजूत घातली. पण ताज्या बर्फावर खूर उमटले नव्हते. खिळे ठोकलेल्या बुटांचे ठसे होते.

दरीतल्या घराच्या कुंपणापाशी घंटा थांबली. मी दार वाजवायच्या आत व्रेनीने ते उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"आला?" ती कुजबुजली.

टेबलावर सूपचे चार वाडगे होते. बाल्झ बाजारातून नुकताच आलेला, अंगात कोट तसाच. "व्रेनी," तो म्हणाला, "काय केलंस हे?"

"माझा भाऊ आहे तो. इतकी वर्षं बाहेर आहे." ती अंधाराकडे वळली. "मेल्क... ये रे आत... सूप गरम आहे..."

कुणी आलं नाही. सूपवर साय धरली, तरी ती दारातच उभी. शेवटी बाल्झने तिच्या पाठीवर हात ठेवला. "हाक तुझी नव्हती. ज्याची हाक, त्याच्याच घरी तो जाणार."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"पण एका रात्रीपुरतंच ना?" मी विचारलं.

"घरात घेतलं तर. तोवर तो मागे मागे राहणार. तुझं इथे घर कुठे आहे, पोरी?"

व्रेनीने नरसाळं परत घेतलं नाही. त्या हिवाळ्यात वसतिगृहाच्या जिन्याखाली रोज संध्याकाळी घंटा एकदा वाजायची. शुक्रवारी सगळे गेल्यावर जास्त स्पष्ट. मला भीती वाटायची. आणि एखाद्या संध्याकाळी वाजायला उशीर झाला, तर करमायचं नाही.

जूनमध्ये मी नेब्रास्काला घरी गेले. आई विधवा, एकटी. तिने मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"याला बाहेर का उभं केलंस गं? काकडलाय बिचारा."

बाहेर ऊन रणरणत होतं. मी तोंड उघडायच्या आत ती बाजूला सरली. "ये बाळा, आत ये."

घंटा पहिल्यांदाच घराच्या आत वाजली.

सकाळी तो जाईल, म्हणून मी रात्रभर जागी होते. तो गेला नाही. "राहू दे," आई म्हणाली. "सोबत होते."

मी एकटीच स्वित्झर्लंडला परत आले आणि इथलीच झाले. आता माझ्या जिन्यात काही वाजत नाही. खरं सांगते, मला आईचा हेवा वाटतो. दर रविवारी तिला फोन करते. गेल्या रविवारी तिच्या आवाजामागे घंटा हलली, आणि ती जरा थांबली, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

"लोरेटा," ती म्हणाली, "तो विचारतोय, तू पुन्हा हाक कधी देणार? वर अजून बरेच जण राहिलेत म्हणे."