अंजनाची सळई

पहाट. रुद्रमाळचा पूर्व बुरूज, उजेडाकडे पाठ करून उभे पहारेकरी.

चांदीची सळई.

खाली शत्रूच्या गोटात पेटवलेलं ओलं गवत.

कोमट पाण्यात भिजवलेली चिंधी. त्या चिंधीनं स्वतःच्या चिकटलेल्या पापण्या सोडवणारा शिपाई.

पहारा बदलताना किल्लेदार हैबतराव ढमढेरे एकाच सळईनं प्रत्येकाच्या डोळ्यांत अंजन घालीत आणि शेवटी स्वतःच्या. पिढ्यान्‌पिढ्या रुद्रमाळावर इमानाची शपथ अशीच घेतली जाई. त्या दिवशी पूर्व बुरुजाचा राखणदार शिदोजी नाईक यानं मान मागे घेतली.

"नको, सरकार."



"नाईकांना अंजन नको," सबनीस विसाजीपंत पंच्यानं लाल डोळा पुसत हसले, "शत्रूकडचं फितुरीचं पान हवं असेल."

"पंत, तो पंचा दुसऱ्या कुणाला देऊ नका," शिदोजी म्हणाला. मग हैबतरावांकडे वळला. "सरकार, धुरानं दोन्ही डोळे एकदम चुरचुरतात, वारा फिरला की निवतात. फुलांची धूळ डोळ्यांत गेली तर खाज सुटते, पण ती एकाची दुसऱ्याला होत नाही. हे आधी एका डोळ्यात येतं, पू धरतं, मग दुसऱ्यात. आजाऱ्याचं सळईला लागतं, सळईचं निरोग्याला. ती उकळा. नाहीतर आठवडाभरात उगवतीकडे बघणारा एक डोळा गडावर उरणार नाही."

"म्हणजे माझ्या हातून गडाला रोग झाला?"

"होय, सरकार."

एवढं स्पष्ट बोलायला नको होतं. गडावरची सगळी शिबंदी ऐकत होती, आणि वेढ्यात किल्लेदाराचा हात खोटा ठरला तर गड आतूनच ढासळतो, हे हैबतराव जाणून होते.

"अंजन घे. बोललास ते विसरतो."

"माझ्या डोळ्यांवर बुरूज आहे, सरकार. ते मी देणार नाही."

"मग कडा दाखवा त्याला."

शिदोजीनं हात बांधू दिले. कड्यावर त्यानं डोळ्यांवरची पट्टी नाकारली आणि पोरांना ओरडून सांगितलं, "हात धुवा रे! डोळे चोळू नका!"

दुसऱ्या दिवशी सळई पुन्हा फिरली. कुणीच मान मागे घेतली नाही.

शत्रू चढला तो आठवडा सरता सरता, उजाडल्यावर, पूर्वेकडून, दोर लावून, अजिबात न लपता. बुरुजावरचे लोक डोळ्यांवर हात धरून ओरडत होते: कोण आहे? कोण आहे? गोळे भलतीकडे गेले. सूर्य कासराभर वर येण्याआधी दरवाजा उघडला.

शिदोजीचा कडेलोट झाला त्या सकाळी हैबतरावांनी स्वतःच्या डोळ्यांत मात्र अंजन घातलं नव्हतं.