शेवाळाखालचे पांढरे दगड

"हळू जा, पडशील," असं सॉर्का म्हणेपर्यंत तिचा मामेभाऊ फिअक्रा आडवा झालाही होता. ईस्टरच्या सुटीत दोघं रोज बॅलिनार्ड किल्ल्याच्या रानात हुंदडायची. आज मात्र जेवणानंतर खोदयंत्र येणार होतं. दोघं चढत होती ते कोटाच्या भिंतीलगतचं टेकाड सपाट करून तिथे पर्यटकांच्या गाड्या लावायच्या होत्या.

"मी नाही पडलो, दगडानं पाडलं," फिअक्रा गुडघा चोळत म्हणाला. त्याच्या बुटानं शेवाळ खरवडलं होतं आणि खालून शुभ्र गारगोटी दिसत होती.

सॉर्कानं शेजारचा दगड खरवडला. तोही पांढरा. त्यापलीकडचाही. सगळे ओळीनं, हातहातभर अंतरावर. ती चटकन मागे सरली.

"बाजूला हो. इथे बाळं आहेत."

"कुठे?"

"आजोबा सांगायचे ना? बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ चर्चच्या आवारात पुरू देत नसत. मग बाप एकटाच पेटी काखेत घेऊन निघायचा, कुठल्या तरी हद्दीवर पुरायचा आणि वर पांढरा दगड ठेवायचा. ना नाव, ना क्रूस."

फिअक्रानं दगडाजवळचा पाय हळूच मागे घेतला. दोघं पाय जपून टाकत खाली उतरली आणि किल्ल्याचे व्यवस्थापक असलेल्या हॅकेटसाहेबांकडे धावली.

"नकाशावर तिथे काही नाही," साहेब सँडविच खात म्हणाले. "पळा."

"लपवून पुरलेलं नकाशावर कसं येईल?" बाहेर आल्यावर सॉर्का चिडून म्हणाली. "सांगून उपयोग नाही. दाखवावंच लागेल."

तबेल्यातल्या बादल्या आणि घोड्यांचे ब्रश घेऊन दोघं कामाला लागली. ओढ्याचं पाणी बर्फासारखं गार होतं. बोटं बधिर झाली, तरी घासणं थांबलं नाही.

यंत्र घरघरत आलं तेव्हा टेकाड पांढऱ्या ओळींनी भरून गेलं होतं. किती इवल्या जागा होत्या त्या! चालक पॅकी टिअर्नीनं यंत्र बंद केलं, टोपी काढली आणि खाली उतरला.

"थांबलास का?" हॅकेटसाहेब मागून ओरडले.

"किल्ली घ्या, साहेब. हे माझ्याच्यानं होणार नाही." पॅकीनं किल्ली पुढे केली. "माझा थोरला भाऊ असाच कुठेतरी पुरलाय. बाबांनी आईलाही जागा सांगितली नाही. ती मरेपर्यंत विचारत राहिली."

हॅकेटसाहेबांनी टेकाडाकडे बघितलं आणि बघतच राहिले. "गाड्या तबेल्यामागे लावू," शेवटी ते हळूच म्हणाले. "चुकलं माझं, पोरांनो. शाबास."

पॅकी ओळींपाशी उभा होता. "यातला आमचा असेल का गं?"

"पॅकीकाका, भिंतीकडची ओळ धुवायची राहिलीय," सॉर्का म्हणाली आणि तिनं ब्रश त्याच्या हातात दिला.

पॅकी गुडघ्यांवर बसला. आपला कोणता ते कळणार नव्हतं, म्हणून एकही न वगळता तो दगड धुवत गेला.