मिनाचा ढावलो

नागनाथाची आण घेऊन सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी तिथंच बाकड्यावर बसलो होतो. म्हणजे बसलेला आमचा दोस्त संतराम होता आणि मी त्या दिवशी वसमतला सासुरवाडीत होतो. पण संतरामला धड सांगता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं मी बसलो असं समजा. वेळ भर दुपारची.

शिरड शहापूरच्या स्टँडसमोर सोमेश्वरचा फोटो स्टुडिओ. टेबलाखाली कॉम्प्युटरचा भलामोठा डबा, एका अंगाचं झाकण कायमचं काढलेलं. त्याच्या पुढच्या तोंडाला दोन हार्ड ड्राईव्ह लावल्या की दोन्ही बंद पडायच्या, जोरच पुरायचा नाही. म्हणून सोमेश्वर टेबलाखाली वाकून, जाळीजळमटं चाचपत, डब्याच्या पाठीमागं केबल खुपसायचा आणि तेवढ्या वेळात साऱ्या जगाला शिव्या देऊन घ्यायचा.

त्या दुपारी शिव्या शकुंतलाबाईच्या वाट्याच्या होत्या.

शकुंतलाबाई जवळच्या बंजारा तांड्यावरची. दोन वर्षांखाली तिच्या मिनाच्या लग्नाचं शूटिंग सोमेश्वरनं केलं होतं. तांड्यावर नवरी निघताना ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडायचं, त्याचं नाव घ्यायचं आणि रडत गायचं. आपलं माणूस एकही सुटत नाही. मिनानं असा ढावलो म्हटला की वाजंत्रीवाल्यांनीही मान खाली घातली. पण सोमेश्वरची रीत ठरलेली: नवरीच्या निरोपाची वेळ आली की मूळ आवाज बंद, वर सिनेमातलं गाणं. त्यानं दिलेल्या पेन ड्राईव्हमध्ये ओठ मिनाचे हलतात आणि गाते भलतीच बाई.

तेव्हा घरच्यांनाही ते झकास वाटलं. मग मिना बाळंतपणात गेली.

शकुंतलाबाईला आता लेकीचा आवाज पाहिजे होता, बाकी काही नको. मूळ शूटिंग हार्ड ड्राईव्हवर असतं एवढं तिला कुणीतरी सांगितलं होतं. सोमेश्वरनं जागा करायला ते कधीच पुसलं आणि त्यावर दुसऱ्याचं लग्न भरलं, हे तिला ठाऊक नव्हतं. चार वेळा त्यानं तिला 'उद्या या' म्हणून वाटेला लावलं. पाचव्यांदा ती उंबऱ्यातच बसली.

"मावशी, गिऱ्हाईकाची वाट अडवून राहिल्या तुमी."

"आडू दे."

"ड्राईव्ह खराब झाली म्हनलं ना."

"मागल्या बारीला कपाटात हाय म्हनला. त्याच्या आधी परभनीला धाडली म्हनला." ती आवाज चढवत नव्हती. दातावर दात ठेवून बोलत होती. "माझी लेक कुठं कुठं फिरवून राहिला रे तू?"

बाकड्यावर संतराम फिसकन हसला आणि सोमेश्वरचं टाळकं सरकलं. खोटं उघडं पडलेल्या माणसाचा राग फार वाईट. तो स्वतःवर कधी निघत नाही.

"मग बघाच तुमी. पुसलं मी. काय करायचं ते करा."

त्यानं खोक्यातून ती काळी ड्राईव्ह काढून टेबलावर आदळली, खाली वाकला आणि केबल पाठीमागं खुपसली. दुसऱ्याचं लग्न दाखवायचं आणि कटकट मिटवायची, एवढाच बेत.

ड्राईव्ह आतून टक... टक... करू लागली. कुणी नखानं दार वाजवावं तशी. ओल्या हळदीचा वास सुटला. पंखा गरगरत होता, पण वास जागचा हलेना. पडद्यावर काही उमटलं नाही. फक्त कुणीतरी खोल श्वास घेतला.

"याडी..."

म्हणजे आई. शकुंतलाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. आवाज चढत गेला. आईला निरोप झाला, बापाला झाला, मग भावाला, नेमसिंगला. लग्नात ढावलो इथंच तुटला होता. सोमेश्वरला पक्कं आठवत होतं, कारण तोडला त्यानंच होता. "ताई, बस झालं रडनं, आता कॅमेऱ्याकडं बघून हासा जरा."

आज तो तुटला नाही. त्यातलं रडणं मात्र आटलं आणि खाली नुसता संताप उरला, रिकाम्या तव्यासारखा तापलेला.

"सोमेश्वर..."

आई, बाप, भाऊ... आणि त्यांच्या मागोमाग तो.

"सोमेश्वर... दादा..."

त्यानं केबल हिसडली. आवाज तुटला.

शकुंतलाबाई उठली. तिनं ड्राईव्ह उचलून पदरात गुंडाळली, लेकरू घ्यावं तशी.

"तिचं झालं न्हाई अजून."

"मावशी... त्याला कॉम्प्युटर लागतो..."

"तिला न्हाई लागत." दारातून तिनं वळून पाहिलं. "घरी म्हनू दे तिला. तुझं नाव आलं की मी काई थांबवनार न्हाई."

आता शपथ घेतलीच आहे, तर एक कबूल करतो. केबलचं मी रचलं. लावली तेही आणि हिसडल्यावर आवाज तुटला तेही. तुम्हाला जरा बरं वाटावं म्हणून. संतराम सांगतो ते निराळंच. पहिली "याडी" ऐकू आली तेव्हा सोमेश्वर टेबलाखालून घाबरून वर आला. ड्राईव्ह टेबलावर नुसती पडली होती. केबल त्याच्या मुठीत होती, आणि तिची दोन्ही टोकं मोकळी होती.