ऑपलकाकूंची सही

"या दोन्ही सह्या एकाच हातच्या आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

मी दचकून वळले. ऑरिन! उन्हाळाभर आमच्या सह्या गोळा करायच्या टेबलासमोर उभा राहून लोकांना 'सही करू नका' सांगणारा, पाणी कंपनीचा पगारी माणूस. डोळे मात्र... जाऊ दे.

मी कागद पाहिला. अर्लकाकांनी माझ्यासमोर सही केली होती. पण मी लिंबूपाणी ओतायला वळले, तेवढ्यात पठ्ठ्यानं गाडीत बसलेल्या ऑपलकाकूंचीही ठोकून दिली होती, आणि दोघं घरी निघूनही गेले होते! आमच्या आर्कान्सा राज्यातले नवरे असेच. बायकोची सही म्हणजे यांना घरचंच काम वाटतं.

झऱ्याचं पाणी कंपनीला विकण्याआधी जिल्ह्याचा कौल घ्यायचा, हे आम्हाला राज्याच्या घटनेत घालून हवं होतं. सह्या पुरल्या तरच ती दुरुस्ती नोव्हेंबरात मतदानाला जाणार. आज शेवटचा दिवस, आणि प्रत्येक सही माझ्यासमोर झाली अशी शपथ मलाच बँकेतल्या नोटरीपुढे घ्यायची होती. एक जरी खोटी निघाली, तरी अख्खा कागद बाद.

"जा, कर तक्रार," मी म्हणाले. "त्याचाच तर पगार मिळतो तुला."

"मिळतो खरा..." त्यानं टोपी मागे सारली. "पण माझी गाडी बरी पळते. काकूंकडून खरी सही घेऊन येऊ. चलतेस?"

"तुझ्याबरोबर?"

"नको, चालत जा. ऊन छान पडलंय."

बसले मुकाट्यानं. गिअर बदलताना त्याचं कोपर लागलं, तर दोघंही बाहेर बघायला लागलो.

"का करतोयस हे?" शेवटी मीच विचारलं.

"तू हरलीस तर... उद्यापासून भांडायचं कुणाशी?"

ऑपलकाकू ओसरीवर शेंगा सोलत होत्या. कागद बघताच भडकल्या.

"माझी सही? मला विचारलं कुणी? उठसूट घटनेला ठिगळं लावायची, मला नाही पटत!" मग आत वळून ओरडल्या, "अहो, आज माझ्या नावानं स्वयंपाकही तुम्हीच करा!"

"अगं, मला वाटलं..." आतून अर्लकाकांचा आवाज आला.

मी ती ओळ खोडली. आमच्या जिल्ह्याच्या ठरलेल्या आकड्याला नेमकी एक सही कमी पडली. मी पायरीवरच बसले आणि रडूच फुटलं मला.

ऑरिन शेजारी टेकला. "पेन दे. मीही इथलाच मतदार आहे."

"वेडा आहेस? नोकरी जाईल तुझी!"

"दे ना."

"आधी मसुदा वाच. सगळा. त्याशिवाय सही नाही."

तो ओशाळला. "लोकांना वाईट आहे म्हणून सांगत फिरलो, पण वाचला मात्र..."

सावकाश, ओठ हलवत वाचत होता. तिकडे बँक बंद व्हायची वेळ झाली होती, तरी मी घाई केली नाही. "काकूंचं चुकतंय," तो हळूच म्हणाला.

"ऐकू येतं मला!" काकू म्हणाल्या.

त्यानं सही केली. त्या क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले, सरळ सांगते.

बँकेत नोटरी व्हर्नेलबाई कुलूप हातात घेऊनच उभ्या होत्या. "हात वर कर. सगळ्या सह्या तुझ्यासमोर झाल्या?"

"हो."

"ही शेवटचीसुद्धा? नीट पाहिलीस?"

"त्याच्यावरून नजर हटतच नव्हती माझी..."

ऑरिनचे कान लालबुंद झाले. बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "पोरी, शपथेवर बोलते आहेस, बरं का!"

"शपथेवरच," मी म्हणाले, आणि त्यांनी शिक्का मारला.